पुढच्या दारानं जाणारे सर

मे महिन्याच्या भर दुपारी भिगवण स्टेशनच्या फलाटावर कुणी काळा कोट, टाय आणि चकचकीत बूट घालून उभा दिसला की अनोळखी माणूस आधी खिशातलं तिकीट चाचपून बघतो. आमच्या सरांना बघून कैक जणांनी असे खिसे चाचपलेले मी पाहिले आहेत. एकदा एक म्हातारा त्यांच्यापुढं हात जोडून म्हणाला, "सायब, पोरगं घेतंय तिकीट. रांगेत हाय."

सर म्हणाले, "घेऊ द्या की. मी सायब न्हाय, बाबा. मी ताजमहाल बघायला चाललोय."

म्हाताऱ्याला ते काही पटलं नाही. ताजमहाल बघायला असा कोट लागतो हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नव्हतं ऐकलं.

सर आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि मी गणित. मी सांगवीचा, ऊस आणि म्हशींच्या घरातला. ते मूळचे वरकुट्याचे, पण नोकरीला लागल्यापासून भिगवणलाच घर बांधून राहिलेले. त्यांच्या मिसेस सरकारी दवाखान्यात नर्स. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर निम्मी पोरं त्यांच्याच हातून जन्माला आलेली, त्यामुळं लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. सगळे म्हणजे सगळे. सरही बायकोला सिस्टर म्हणायचे आणि त्या नवऱ्याला सर म्हणायच्या. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा "सिस्टर, चहा टाकता का?" आणि "सर, दूध संपलंय, आणता का?" हे ऐकून मला आपण घरात आलोय की कचेरीत, तेच कळेना.

या दोघांना एकच नाद होता. जुन्या जागा बघायच्या. किल्ले, लेणी, राजवाडे, स्तूप, मकबरे, जे काही जुनं आणि दगडी असेल ते. आमच्यातले बाकीचे मास्तर सुट्टीत शेतावर राबायचे, नाहीतर सासुरवाडीला जाऊन लोळायचे. हे दोघं दिवाळीत आणि मे महिन्यात बॅगा भरून स्टेशनवर हजर.

निघायची तारीख मात्र सरांच्या हातात नसे. ती आसपासच्या पोटुशा बायकांच्या हातात असे. "वरकुट्याची एक आणि धरणाकडच्या वस्तीवरची एक, दोघी सुटल्या की निघू," असं सिस्टर सांगायच्या. मग सर कोटाला इस्त्री करून, बुटांना पॉलिश करून, पहिलटकरणीच्या आईसारखे घालमेलीत येरझारा घालत बसायचे. बातमी आली की पहिला प्रश्न, "बाळ-बाळंतीण बरी हाय न्हवं?" आणि दुसरा, "मग तिकीट काढू?"

कोट एकच होता. बारामतीच्या एका शिंप्याकडून शिवून घेतलेला. शाळेत सर साध्या पांढऱ्या सदऱ्यात यायचे, लग्नाकार्यालाही तोच सदरा. कोट फक्त सहलीला. मी एकदा म्हटलं, "सर, उन्हाळ्यात तरी हे जू उतरवा मानेवरचं." तर मला म्हणाले, "मास्तर, आपण काय बाजारला चाललोय का? राजांच्या घरी चाललोय. ते न्हाईत म्हणून काय झालं, घर त्यांचंच हाय."

ही त्यांची एक खोड. दुसरी याहून अवघड होती. सर कुठल्याही ऐतिहासिक जागी शिरताना फक्त पुढच्या, मुख्य दरवाजानं शिरायचे. महादरवाजा असेल तर महादरवाजानं, सिंहद्वार असेल तर सिंहद्वारानं. दारापाशी थांबायचं, टाय सारखा करायचा, कोटाचं बटण लावायचं, सिस्टरांच्या पदराकडं एक नजर टाकायची आणि मग दोघांनी एकदम उंबरा ओलांडायचा. मागं लोकांची रांग खोळंबली तरी यांची घाई नाही. वाहनतळाकडचं चोरदार, पायऱ्या वाचवणारी आडवाट, गाइडच्या ओळखीचा दिंडीदरवाजा, सगळं वर्ज्य.

मी त्यांच्याबरोबर हिंडायला लागलो तो अपघातानं. आमच्या घरी जनावरं, त्यामुळं नवरा-बायकोनं एकदम घर सोडायची सोय नाही. माझी बायको म्हणाली, "तुमी तरी जावा त्यांच्यासंगं. सुट्टीभर घरात बसून माझ्या कामात चुका काढता, त्या तरी न्हाय काढणार." प्रवासाची मला मुळीच हौस नाही. मला माझी खाट आणि माझा गोठा बरा. पण या दोघांबरोबर गेलो, आणि मग जातच राहिलो.

सिस्टरांचं वेड वेगळं होतं. सर दारं बघायचे, सिस्टर आत गेल्या की गाइडला गाठायच्या. "राणीसाहेब बाळंत कुठं व्हायच्या, ते दाखवा." गाइड गोंधळून जायचा. त्याला खजिन्याची खोली माहीत, दारूगोळ्याचं कोठार माहीत, हत्तीखाना माहीत. तो आपला तोफेचं वजन सांगायला लागायचा. सिस्टर पदरानं कपाळ पुसत म्हणायच्या, "घोडं कुठं बांधायचं ते ठावं हाय ह्यास्नी. राजा कुठं जलमला ते ठावं न्हाय." मग त्या स्वतःच शोध घ्यायच्या. पडक्या महालातून हिंडत, इथं आडोसा आहे, इथं पाण्याची कुंडी आहे, इथं वारा लागत नाही, असा अंदाज बांधायच्या आणि एखाद्या कोपऱ्यात येऊन ठामपणे सांगायच्या, "हितंच." पुरावा काही नसायचा. पण आम्ही मान डोलवायचो.

कर्नाटकातल्या एका किल्ल्यावर आम्ही गेलो तेव्हा मुख्य दरवाजाची डागडुजी चालू होती. बांबूंची परांची बांधलेली, खाली फळकुटं. लोकांना तटाला वळसा घालून मागच्या लहान दारानं सोडत होते. सर म्हणाले, "मग आपल्याला न्हाय जमायचं." मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी चिंचेच्या झाडाखाली कोट काढून घडी घातली आणि खाली बसले. सिस्टरांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. एवढ्या लांब येऊन आम्ही किल्ल्याच्या दारात जेवलो आणि परत फिरलो. मी चिडलो होतो. मी म्हटलंही, की सर, हा तऱ्हेवाईकपणा झाला.

परतीच्या गाडीत ते आपणहून बोलले. सिस्टर समोर बसून शेंगा सोलत होत्या.

"मास्तर, मी लहान होतो. तालुक्यातलंच एक गाव, नाव कशाला घेऊ. बापाबरोबर एका मोठ्या घरी लाकडं फोडायला गेलतो. आमचं जाणंयेणं मागच्या दारानं. दिवाळी होती. आतनं एक बाई आल्या आणि माझ्या वंजळीत वरनं लाडू टाकला. हात लागू न देता. बाई वाईट न्हवत्या, रीतच तशी होती. म्या खाल्ला. मास्तर, लई गोड होता वो. तिथंच सगळा घोळ झाला. कडू असता तर थुकून मोकळा झालो असतो."

मी खिडकीबाहेरची नजर काढून त्यांच्याकडं वळलो.

"बापाला इचारलं, आपण पुढनं का जायचं न्हाय? बाप म्हणला, तुझी बारी आली की जा. आता माझी बारी आलीय. लग्नात सिस्टरला शब्द दिलाय, तुला कुठल्याच घरात मागच्या दारानं न्हेणार न्हाय म्हणून."

सिस्टर शेंगा सोलत राहिल्या. मी मात्र त्यानंतर सरांना तऱ्हेवाईक म्हटलं नाही. पुढच्या वर्षी डागडुजी संपल्यावर आम्ही त्या किल्ल्यावर पुन्हा गेलो आणि महादरवाजातून आत शिरताना मीसुद्धा सदऱ्याची वरची गुंडी लावली.

सरांची सगळ्यात लाडकी जागा सांची. स्तूपाला चारी दिशांना चार तोरणं. सर पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा त्यांनी सगळा फेरा मारला आणि लहान मुलासारखे हसत माझ्याकडं आले. "मास्तर, बघा, हितं मागचं दारच न्हाय. कुठनंबी या, पुढनंच आला." त्या दिवशी ते प्रत्येक तोरणातून एकेकदा आत गेले, दरवेळी टाय सारखा करून. पुढं दोघं निवृत्त झाले, तेव्हा परदेशवारीची पहिली जागा त्यांनी जावा बेटावरचा तो मोठा स्तूप निवडली, कारण तिथंही चारी बाजूंनी पायऱ्या आहेत असं त्यांनी वाचलं होतं. तिथल्या दमट उकाड्यात कोटाचा रंग बदलला, पण अंगावरून उतरला नाही.

इजिप्तला मात्र पंचाईत झाली. मोठ्या पिरॅमिडचं मूळ दार बंद, आणि लोक आत जातात ती पूर्वी खजिन्यासाठी फोडलेली वाट. गाइडनं अगदी कौतुकानं सांगितलं, की ही चोरांची वाट. झालं. सर म्हणाले, "पुढचं दार न्हाय ते न्हाय, वर चोरांच्या वाटेनं?" ते बाहेर वाळूत उन्हात कोट घालून उभे राहिले. सिस्टरही त्यांच्याजवळ दगडावर बसल्या. मी आत जाऊन आलो आणि घामाघूम होऊन म्हटलं, "सिस्टर, तुम्ही तरी यायचं होतं."

त्या म्हणाल्या, "मेलेल्या राजाला बघून काय करू? बाळंतिणीची खोली असती तर गेले असते, ह्यांचं ऐकलं नसतं."

हे त्या हसत म्हणाल्या होत्या. सरही हसले.

मग सिस्टरांचे गुडघे गेले. वस्त्यांवर पायी हिंडून झिजलेले गुडघे, ते किती टिकणार. बारामतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. सिस्टर टाळत होत्या. त्याच दिवसांत सरांनी त्यांना कुठलंसं पुस्तक वाचून दाखवलं. युरोपातल्या एका राजवाड्यात राणीची निजायची खोली जशीच्या तशी ठेवलेली आहे, राण्या तिथंच बाळंत व्हायच्या, आणि तेही दरबारातल्या सगळ्या माणसांसमोर, म्हणजे मूल बदललं असा संशय कुणी घ्यायला नको. सिस्टरांच्या हातातला चहा तसाच राहिला. "सगळ्यांच्या म्होरं?" त्या म्हणाल्या. "अगं बिचारे."

आयुष्यभर शोधलेली खोली कुठंतरी खरोखर होती, आणि ती दाखवायला माणसं होती. सिस्टरांनी डॉक्टरांना कळवून टाकलं, "आधी राणीची खोली, मग माझं गुडघं. ह्यानंतर मी कुठं जायची न्हाय, पर हे बघू द्या."

आम्ही बारामतीच्या सहलवाल्या मंडळींबरोबर गेलो. राजवाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांची काही चूक नव्हती. सिस्टर चाकाच्या खुर्चीत, खुर्ची सरांच्या हातात. राजवाडा असा की एका नजरेत मावत नव्हता. पुढं दगडी पायऱ्यांचा भलाथोरला चढ. सरांनी सवयीनं टाय सारखा केला. एवढ्यात गणवेशातला एक पोरगा धावत आला आणि अदबीनं म्हणाला, की खुर्चीसाठी लिफ्ट आहे, माझ्यामागून या. बाकीची मंडळी पायऱ्यांनी गेली. आम्ही तिघं इमारतीला वळसा घालून त्याच्यामागून निघालो.

मागं चौक होता. एका बाजूला कचऱ्याचे डबे, दुसरीकडं मळक्या चादरींची ढकलगाडी. समोर साधं, हिरव्या रंगाचं लोखंडी दार. पोरग्यानं ते उघडून धरलं.

सर थांबले. "सिस्टर, हे मागचं दार हाय."

"दिसतंय मला. गुडघं गेल्यात, डोळं चांगलं हायेत."

"आपण न्हाय जायचं."

मी मध्ये पडलो. "सर, ही खुर्चीची सोय आहे. यात कमीपणा कसला?"

"मास्तर, मला इंग्रजी येतंय. पोरगं काय म्हणलं ते कळलंय मला." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खुर्चीच्या मुठीवरची बोटं आवळली होती.

सिस्टर म्हणाल्या, "असं करू. तुमी पुढनं या. मला हे पोरगं वर न्हेईल."

"तुला मागनं धाडू आणि मी पुढनं जाऊ? ते तर त्याहून वाईट." त्यांनी खुर्ची वळवायला घेतली. "मी दिलेला शब्द हाय. चला माघारी."

खुर्ची वळली नाही. सिस्टरांनी ब्रेक ओढला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "मी गेलेय त्या घरात."

"कुठल्या घरात?"

"लाडवाच्या."

सर पुढं येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. दार धरून उभा असलेला पोरगा आमच्याकडं बघत होता.

"त्यांची सून अडली होती. पोर पायाळू होतं. मोटार मिळंना, म्हणून मला बोलावणं आलं. मालक सवता पुढच्या दारात हुबा होता, पाण्याचा तांब्या घेऊन. म्हणला, सिस्टर, या, हिकडनं या. म्या इचारलं, बाळंतीण कुठं हाय? म्हणला, पार मागच्या खोलीत. म्या म्हणलं, मग मागनं जवळ पडंल. आणि गेले पळत, त्याच दारानं. दोघंबी वाचली."

"कधी बोलली न्हाईस," सर म्हणाले. ते त्यांना कधी अगं-तुगं करत नसत, आज दुसऱ्यांदा केलं होतं.

"काय बोलायचं? तुमी तो लाडू कोटाच्या खिशात घालून सगळं जग हिंडताय. म्हणलं, ह्यांचं ह्यास्नी असू द्यावं. तुमी मला पुढनं न्हेता, त्याचा मला अभिमान हाय, सर. खोटं न्हाय सांगत. पर उभी नोकरी मी मागनं गेलेय. बाळंतिणीची खोली कुठल्याबी घरात मागंच असती. पुढच्या दारानं जलमलेलं पोर म्या तरी बघितलं न्हाय. आज मला राणीकडं जायचंय. दार कुठलंबी असू द्या."

सर बराच वेळ त्या हिरव्या दाराकडं बघत राहिले. मला मनातून वाटत होतं, हा माणूस आता परत फिरणार. एवढ्या वर्षांचा निश्चय असा चौकात उभ्या उभ्या मोडत नसतो. मग त्यांनी कोटाचं बटण लावलं, सिस्टरांचा पदर खांद्यावर नीट केला, वाकून ब्रेक सोडला आणि खुर्ची आत ढकलली. मान ताठ. आजवर त्यांना कितीतरी महादरवाजांतून जाताना मी पाहिलं, पण मला त्यांचा खरा अभिमान वाटला तो त्या कचऱ्याच्या डब्यांपाशी.

वर राणीच्या खोलीत गर्दी होती. सोनेरी नक्षी, रेशमी पडदे, मखमली छताचा पलंग, आणि पुढं कठडा. एका कोपऱ्यात तिथली राखणदार बाई खुर्चीवर बसलेली, वयानं सिस्टरांएवढीच असावी. लोक वर छताकडं बघत होते. सिस्टर पलंगाकडं बघत होत्या.

"खाट लई उंच हाय," त्या म्हणाल्या. "सुईणीला वाकाय जमायचं न्हाय. आणि एवढी माणसं खोलीत कोंबल्यावर हवा कुठनं येणार? सर, इचारा की त्या बाईस्नी, गरम पाणी कुठनं आणायचे? सुईण कुठनं यायची?"

सरांनी राखणदार बाईला इंग्रजीत विचारलं. तिला थोडंफार इंग्रजी येत होतं. तिनं बसल्या जागेवरून पलंगाच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं. भिंतीवर चढवलेल्या रेशमातच एक लहानसं दार होतं. सांगितल्याशिवाय दिसलंच नसतं. मागं दासींच्या खोल्या आहेत, ती म्हणाली. पाणी, कपडे, दासी, सुईण, सगळे या दारानं यायचे.

सरांनी ते मराठीत सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज हळू झाला.

"मग?" सिस्टर म्हणाल्या. "राणीचंबी आपल्यासारखंच की."

सर त्या दाराकडं बघत उभे राहिले. मग ते राखणदार बाईकडं वळले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे त्या आवाजात, इंग्रजीत म्हणाले, की ही माझी बायको, ही सुईण आहे, आयुष्यभर हिनं हेच काम केलं. एरवी ते कुणालाही 'नर्स' सांगायचे. त्या दिवशी सुईण म्हणाले, आणि असे म्हणाले की छताकडं बघणारी माणसंही वळून सिस्टरांकडं बघायला लागली.

ती बाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन सावकाश उठली आणि सिस्टरांसमोर सरळ उभी राहिली.

सिस्टरांनी तिच्या पायांकडं बघितलं. "उठू नका, बाई," त्या म्हणाल्या. "दिवसभराचं पाय दुखत असत्याल तुमचं."

ती तशीच उभी राहिली.